इंजिन खोलण्याआधीची तयारी: जुनी गाडी बांधायची की मोडीत काढायची

इंजिनचं हेड (सिलिंडरांवरचा झाकणासारखा भाग) उतरलं आणि पिस्टन टेबलावर आले, की गाडी बांधायची, म्हणजे इंजिन खोलून नव्याने जुळवायचं, की काढून टाकायची हा निर्णय मालकाच्या हातात राहत नाही. खोललेल्या गाडीला धड गिऱ्हाईक मिळत नाही, दुसऱ्या गॅरेजला न्यायची तर टोचन लागतं, आणि ‘आता एवढं झालंच आहे तर हेही करून घ्या’ म्हणत एकेक पार्ट वाढत जातो. म्हणून पुढची सगळी तयारी गाडी बंद बॉनेटने दारात उभी असताना, खोलण्याआधीच्या तीन-चार दिवसांत करायची आहे. सोबत एक वही ठेवा. आकडे तोंडी राहिले की फिरतात.

आधी आरसी काढा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच घालावी लागते, असं दिल्लीच्या बातम्या वाचून आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. तो वाद दिल्ली आणि आसपासच्या भागाचा आहे. सोलापुरात गाडी फिटनेसला पास झाली तर नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवून मिळते, आणि त्यासाठी मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. एमएच १३ असेल तर काम सोलापूरला आणि एमएच ४५ असेल तर अकलूजला, हेही बघून ठेवा. १५ वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरण फी ५,००० रुपये आहे. २० वर्षं उलटली असतील तर ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर १०,०००. त्यात पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्यास हाय सिक्युरिटी नंबर प्लेट धरा. ही बेरीज वहीच्या पहिल्या पानावर हवी, कारण इंजिनला एक रुपया न लावताही तो खर्च समोर उभा आहे. मुदत संपायला चार महिने राहिलेल्या गाडीचं इंजिन बांधणं आणि चार वर्षं राहिलेल्या गाडीचं बांधणं, हे दोन निराळे व्यवहार आहेत.

त्यानंतर जो दोष इंजिनचा वाटतो पण इंजिनचा नसतो, तो बाजूला काढा. मिसिंग होत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसल्याने इंजिन अडखळत असेल, तर आधी प्लग आणि इग्निशन कॉइल अदलाबदल करून बघायचे: कॉइल एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर टाकल्यावर मिसिंगही तिकडे गेलं, तर दोष कॉइलचा. पिकअप गेलाय पण इंजिनचा आवाज मात्र चढतोय, तर क्लच घसरतोय. डिझेल गाडी काळा धूर सोडत असेल तर एअर फिल्टर, ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडणारा) आणि टर्बोचे (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याचे) पाइप आधी. टर्बोचं सील गेलं तरी निळा धूर येतो आणि पिस्टनच्या रिंगा गेल्याचा शिक्का बसतो. टर्बोतून निघणारा पाइप काढून आत ऑइल साचलंय का ते पाहिलं की उलगडा होतो. ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच बंद करायची. मग प्रेशर गेज लावून खरं प्रेशर मोजायचं, कारण कित्येकदा स्विचच खराब असतो. गरम इंजिनला आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता चालू असताना) सुमारे १ बार प्रेशर मिळत असेल तर क्रँकच्या बेअरिंगांवर लगेच संशय घेऊ नका.

आपल्याकडे इंजिन जातं ते बहुतेक तापून, आणि त्याला नुसता उन्हाळा कारण नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो हे खरं, पण खरा घात बोअरवेलच्या पाण्याने होतो. कुलंट संपलं की बादलीतलं बोअरचं पाणी ओतलं जातं. त्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या जॅकेटमध्ये (पाणी फिरण्याच्या पोकळीत) थरावर थर धरतो, आणि उष्णता बाहेर पडायची वाट बंद होते. गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून बोट आत फिरवा. पांढरी खरखरीत पुटी लागली किंवा गंजाचा तांबडा गाळ आला, तर ही गाडी वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेली आहे. दुसरं म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) जागेवर आहे का ते विचारा. ‘सोलापूरच्या उन्हात त्याची गरज नाही’ म्हणून तो काढून टाकण्याची वाईट सवय फार पसरली आहे. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन थंडीत सकाळी लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, ते बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या, भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि रिंगा लवकर झिजतात. फॅन आपोआप सुरू होतो का, झाकणाचं रबर तडकलंय का, वॉटर पंपाखाली कुलंटचा डाग आहे का, हेही बघा. यातलं एखादंच बिघडलं असेल आणि हेड गॅस्केट (हेडखालचं सील) शाबूत असेल, तर फुल इंजिन कामाची चर्चा तिथेच थांबते.

आता धूर. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी पहिला स्टार्ट मागे उभं राहून दुसऱ्याला मारायला सांगा. सुरुवातीला निळा भपका आणि मग साफ, तर व्हॉल्व्ह सील. हे काम आटोक्यातलं. धूर पांढरा, दाट, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही तसाच, तर कुलंट जळतंय. गाडी तापत नसेल आणि पाणी टिकत असेल, तर तुळजापूरच्या घाटासारखी परीक्षा दुसरी नाही. चढताना दाबून चालवल्यावर मागे निळं दिसलं तर रिंग-बोअर. उतरताना गिअरवर सोडून खाली आल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर देताच निळा भपका आला तर व्हॉल्व्ह गाइड-सील. निघण्याआधी आणि परतल्यावर सपाट जागेवर ऑइलची पट्टी बघून ठेवा. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाणारी गाडी हद्दीवर आली समजा.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून तळहात तोंडावर आडवा धरा. मंद फुंकर लागली तर ठीक. झाकण सैल ठेवल्यावर नाचू लागलं किंवा हातावर ऑइलचे शिंतोडे उडाले, तर वरचा दाब रिंगांवरून खाली उतरतोय. झाकणाच्या आत दुधाळ साय दिसली तर घाबरण्याआधी पट्टीवरचं ऑइल बघा. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थंडीत नुसत्या वाफेनेही झाकणाला साय धरते. पट्टीवरही तसंच असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. गेल्या दोन-तीन वर्षांच्या पीयूसीच्या पावत्या जपल्या असतील तर त्याही शेजारी ठेवा. बीएस-४ पेट्रोल गाडीला एचसीची (धुरातल्या न जळलेल्या इंधनाची) मर्यादा २०० पीपीएम आहे. दरवर्षी हा आकडा वर सरकत आला असेल तर एक तर मिसिंग आहे किंवा ऑइल जळतंय.

एवढं झालं की कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते गेजने मोजणं. हेड न खोलता इंजिनच्या आतलं सांगणारी ही तपासणी आहे आणि मेकॅनिक टाळत असेल तर दुसरा बघावा. इंजिन गरम, बॅटरी चार्ज, सगळे प्लग बाहेर, कॉइल आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा झटके. पेट्रोल गाडीत १५० ते १८० पीएसआय चांगलं, १०० च्या खाली गेलं तर गंभीर. पण आकड्यापेक्षा आकड्यांमधला फरक जास्त बोलतो. १६५, १६०, ९५, ९८ आले तर तिसऱ्या-चौथ्याच्या मधलं गॅस्केट फुटलंय. १६५, १६०, १५८, ६० आले तर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळला. गॅसवर चाललेल्या जुन्या गाड्यांत हे हमखास दिसतं. चारही १०५ च्या आसपास असतील तर प्रत्येक प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा उसळला तर रिंग-बोअर, जागच्या जागी राहिला तर व्हॉल्व्ह. डिझेलला वेगळं गेज लागतं, आकडे इंजिनप्रमाणे ३०० ते ४५० च्या दरम्यान असतात, आणि त्यात ऑइल टाकून बघायचं नाही. चारही आकडे तारखेसह वहीत लिहा.

इंजिनइतकाच वेळ गाडीच्या खाली घालवा. इंजिन बांधता येतं, कुजलेला सांगाडा बांधता येत नाही. आपल्या कोरड्या हवेत वाढलेल्या गाड्यांचा पत्रा सहसा टिकतो, पण मुंबई-कोकणातून आणलेली गाडी असेल तर मॅट उचलून फ्लोअर, दारांखालच्या पट्ट्या, शॉकअपचा वरचा माथा आणि मागच्या ॲक्सलच्या जोडण्या स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. बॅटरीखालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला असतो. पेट्रोलचे रबरी पाइपही बघा: पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्यासाठी न बनवलेलं जुनं रबर फुगतं, तडकतं. सीएनजी असेल तर सिलिंडरच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीची) तीन वर्षांची मुदत कधी संपते ती तारीख लिहून घ्या. शॉकअपचा माथा किंवा चासीचा भाग कुजला असेल, तर इंजिनच्या अंदाजपत्रकापर्यंत जाऊच नका.

सांगाडा धड असेल तर अंदाजपत्रक दोन ठिकाणांहून घ्यायचं, आणि ‘सगळं मिळून इतके’ असं नको. पार्ट, लेथचं काम, मजुरी, ऑइल-कुलंट असे चार रकाने हवेत. लेथवाल्याने बोअर वर-मध्ये-खाली आणि आडवा-उभा मोजून आकडे द्यायला हवेत. बोअर अंड्यासारखा झालेला असताना नुसत्या रिंगा बदलणं हा सगळ्यात महागडा स्वस्त उपाय आहे: काही महिन्यांत निळा धूर परत येतो आणि मजुरी दुसऱ्यांदा जाते. बोअर कापून मोठा केला तर ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन आलेच. हेडची पातळी सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून बघायची, ०.०५ मिमीच्या पुढे वाकलं असेल तर फेसिंग (घासून सपाट करणं), आणि तापलेल्या हेडला चीर नाही याची प्रेशर टेस्ट. टायमिंग चेन किंवा बेल्ट, वॉटर पंप, ऑइल पंप, क्लच प्लेट, फाउंडेशनची (इंजिन ज्यावर बसतं ती) रबरं हे याच वेळी धरायचं, कारण नंतर यांतल्या बऱ्याच गोष्टींसाठी पुन्हा तेवढीच खोलाखोल होते. एकूण आकड्यावर आणखी पाचवा हिस्सा राखून ठेवा. दुसऱ्या गाडीचं जुनं इंजिन बसवायचा पर्याय दिला, तर ते बसवण्याआधी त्याचं कॉम्प्रेशन, इंजिन नंबर असलेलं बिल आणि आरसीवर बदल नोंदवून घेण्याची जबाबदारी कुणाची, हे आधी ठरवा. बिल नसलेलं इंजिन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

आता तीन भाव काढा: हीच गाडी ठणठणीत चालू असती तर, आज आहे तशी, आणि मोडीत. समजा ते १,१०,०००, ३५,००० आणि २५,००० आले, इंजिनला ६०,००० आणि कागद-टायरांना २५,००० लागणार. दुरुस्तीने किंमत ७५,००० ने वाढते आणि खर्च ८५,००० होतो, म्हणजे विकण्यासाठी बांधणं तोट्याचं. स्वतःला वापरायची तर आजचे ३५,००० आणि हे ८५,००० मिळून १,२०,००० गुंतले. तीन वर्षं चालली तर महिन्याला सुमारे ३,३३३. त्याच पैशात जी दुसरी जुनी गाडी मिळेल तिच्या इंजिनची माहिती कुणाला असते? पत्रा चांगला, कागद साफ आणि पार्ट बाजारात मिळणारे असतील, तर घरची गाडी बांधणं आम्हाला बहुतेक वेळा बरं वाटतं. पार्टची चौकशी मात्र दुकानात उभं राहून करा. कंपनीने मॉडेल बंद करून बरीच वर्षं झाली असली तर सेन्सर आणि ईसीएमसाठी (इंजिनच्या कॉम्प्युटरसाठी) गाडी महिनाभर गॅरेजला अडकते.

मोडीत काढायचं ठरलं तर गल्लीतल्या भंगारवाल्याला नुसती गाडी देऊन मोकळं होऊ नका. आरसी तुमच्या नावावर राहते, चासी नंबर दुसऱ्या गाडीला लागला तर पोलीस तुमच्या दारात येतात. परिवहन पोर्टलच्या व्ही-स्क्रॅप विभागात नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र बघा आणि भाव विचारताना टोचनचा खर्च कोण देणार, बॅटरी आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धरून भाव आहे का, हे विचारा. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात. आरसी, आधार, पॅन, रद्द केलेला चेक तयार ठेवा; कर्जाचा बोजा अजून आरसीवर असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) आधी. ई-चलन भरून टाका. स्क्रॅपिंग केंद्राकडून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी जमा केल्याचा दाखला) घ्या: त्यावर नव्या गाडीच्या वाहन करात सवलत मिळते, केंद्र सरकारच्या नियमात खासगी गाडीला ती २५ टक्क्यांपर्यंत आहे. नोंदणी रद्द झाल्याचं पोर्टलवर दिसेपर्यंत सगळ्या कागदांच्या प्रती जपा. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागा, ते तीन वर्षं चालतं. आणि गाडी टोचनला लावण्याआधी काचेवरचा फास्टॅग खरवडून काढा, खातं बंद करा, डॅशबोर्डचा कप्पा आणि सीटखाली एकदा हात घाला.