कणा वाकडा असलेल्या मुलाची मान कशी तपासावी

वाढत्या वयात कणा बाजूला वळला की सगळ्यांची नजर वर आलेल्या खांद्यावर जाते. मान कोणी बघत नाही. खरं तर बाजूने पाहिलं तर निरोगी मानेच्या ७ मणक्यांना पुढे बाक असतो आणि छातीच्या १२ मणक्यांना मागे. स्कोलिओसिसच्या, म्हणजे कणा असा बाजूला वळलेल्या, बऱ्याच मुलांत पाठीचा हा बाक कमी होऊन पाठ सपाट होते. पाठ सपाट झाली की बऱ्याचदा मानेचाही बाक जातो. ती सरळ होते, कधी उलटी वळते. म्हणून एकट्या मानेवर इलाज करू नका. मान दुखत नाही म्हणजे ती ठीक आहे, असंही धरू नका.

आपल्या बेळगाव-खानापूरकडे मुली बारा-तेराच्या झाल्या की सैल कपड्यांत आणि ओढणीत त्यांची पाठ आईलाही दिसत नाही, आणि नेमकं याच वयात उंची झपाट्याने वाढते, वळणही वाढतं. मुलग्यांची पाठ दिवाळीच्या अभ्यंगाला तेल लावताना बघून घ्या. मुलीची आईने किंवा मावशीने दार लावून बघावी, तिला आधी कारण सांगून.

पोराला अनवाणी, सपाट फरशीवर उभं करा. मागून बघा: दोन्ही खांदे, खवाटे आणि कंबर समान आहे का, डोकं एका बाजूला कललंय का. मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक हाड जास्त वर येतं. त्यावर बोट ठेवा, पोराला पुन्हा सरळ बघायला सांगा आणि तिथून गवंड्याचा ओळंबा सोडा. दोरा नितंबांच्या मधल्या फटीवर यायला हवा. मग बाजूने बघा. कानाचं भोक साधारण खांद्याच्या टोकावर असावं. ते बरंच पुढे असेल किंवा पाठ फळीसारखी सपाट असेल तर लिहून ठेवा. शेवटी पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात जोडून कमरेतून वाकायला सांगा. पाठीची एक बाजू उंच दिसली तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

"ताठ बस, छाती काढ" असं दिवसभर ओरडू नका. सपाट पाठीला त्याने काही मिळत नाही, पोर मात्र खचतं. दप्तराने किंवा चुकीच्या झोपण्याने हे वळण आलेलं नसतं. बहुतेकांत नेमकं कारण सापडत नाही. आईने स्वतःला दोष देऊ नये. आणि कळकळीने सांगते, मान मोडून घ्यायला कुणाकडेही नेऊ नका.

अस्थिरोगतज्ज्ञांकडे एक्स-रे उभ्यानेच काढायला हवा, समोरून आणि बाजूने, मानेपासून खुब्यापर्यंत पूर्ण कणा दिसेल असा. नुसत्या मानेच्या फिल्मवर निम्मी गोष्ट कळते. कॉब कोन (एक्स-रेवर मोजलेलं वळण, अंशांत) किती, वाढ किती उरली आहे आणि मानेचा बाक कसा आहे, हे तिन्ही विचारून वहीत लिहा. १० अंशांच्या खाली स्कोलिओसिस म्हणत नाहीत. त्यापुढे २५ पर्यंत सहसा दर चार-सहा महिन्यांनी तपासणी होते. वाढ बाकी असेल तर २५ ते ४० ला पट्टा (कण्याला आधार देणारा ब्रेस) देतात, आणि ४५-५० च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. पट्ट्याचं काम तासांवर चालतं: २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात रोज सरासरी सुमारे १३ तास किंवा जास्त पट्टा घालणाऱ्यांत दहापैकी नऊ जणांचं वळण शस्त्रक्रियेच्या मर्यादेखाली राहिलं. पट्टा घातल्यावर हनुवटी पुढे येत असेल तर तो नीट बसवून घ्या. मानेचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडूनच शिका. दुखणं आणि ठेवण सुधारायला त्यांचा उपयोग होतो.

हातापायात अशक्तपणा किंवा मुंग्या, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, रात्री झोपमोड करणारी वेदना, किंवा मान फारच आखूड असून केसांची मागची रेघ खाली असणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

सरकारी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांना पाठ बघायला सांगा. जिल्हा रुग्णालयात जाताना रेशन कार्ड आणि आधार न्या आणि आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेतून काय मिळेल ते तिथेच विचारा. जुन्या फिल्म टाकू नका. पाच अंशांहून जास्त फरक पडला का, हे त्यांच्याशी ताडूनच कळतं.