पिचमध्ये फीचर आधी की फायदा? या चुका टाळा

हजेरीची बायोमेट्रिक मशीनं विकायला मी पहिल्यांदा बाहेर पडलो, तेव्हा ब्रोशर तोंडपाठ होतं. एका वर्कशॉपच्या मॅनेजरसमोर बसून धडाधड पिच, म्हणजे माल पटवून देणारं बोलणं, सुरू केली. तीन हजार ठसे साठवण्याची क्षमता, एक लाख नोंदींची मेमरी, वाय-फाय, क्लाउड, अकरा प्रकारचे रिपोर्ट. साहेब शांतपणे ऐकत होते. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "अहो, आमच्या पोरांचे हात दिवसभर ग्रीसमध्ये असतात. बोट उमटेल का?"

आमच्याच एका मॉडेलमध्ये चेहऱ्यावरून हजेरी लागायची सोय होती. ब्रोशरच्या दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत. मी ती घाईघाईने सांगितली, पण उशीर झाला होता. चाळीस माणसांच्या वर्कशॉपला हा तीन हजार ठशांचं मशीन गळ्यात मारायला आलाय, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. ऑर्डर गेली.

मग ऑफिसात सगळ्यांना मिळतो तोच सल्ला मलाही मिळाला : फीचर्स सांगू नकोस, फायदे सांग. तो मी मनावर घेतला आणि पुढचे सहा महिने वेगळ्या तऱ्हेने ऑर्डरी घालवल्या. "वेळ वाचेल, शिस्त येईल, हिशेब सोपा होईल" असं म्हटलं की लोक मान डोलवायचे, चहा पाजायचे आणि "कळवतो" म्हणायचे.

फीचर आधी की फायदा आधी, हा वाद म्हणूनच मला अर्धवट वाटतो. ग्रीसची गोष्ट मला आधी ठाऊक असती, तर मी काहीही आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं. ती ठाऊक नव्हती, म्हणून दोन्ही वेळा फसलो.

"मग?" किती वेळा विचारायचं

फीचर म्हणजे वस्तूत काय आहे. फायदा म्हणजे त्यामुळे घेणाऱ्याचं काय बदलतं. एकातून दुसऱ्याकडे जायचा साधा रस्ता म्हणजे स्वतःलाच "मग?" विचारत राहणं.

मशीनची बॅटरी चार तास चालते. मग? वीज गेली तरी हजेरी थांबत नाही. मग? महिनाअखेरीला "त्या दिवशी माझा खाडा नव्हता" असे वाद होत नाहीत.

इथवर ठीक आहे. इथे घोडं पेंड खातं ते पुढच्या "मग?"ला. कामगार समाधानी राहतात, कंपनीची भरभराट होते! हे वाक्य मशीनला लागू पडतं तसं कँटीनलाही पडतं, बससेवेलाही आणि नव्या पंख्यालाही. आपलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही मालावर चिकटवता येत असेल, तर आपण एक पायरी जास्त चढलो. परत खाली यायचं, खाड्याच्या वादापाशी थांबायचं.

पुराव्याशिवाय फायदा

"फायदे सांग" या सल्ल्याचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे पुरावा. फीचर्स गाळली की उरतात ती आश्वासनं, आणि "उत्पादकता वाढेल" हे तर ग्राहकाने त्याच आठवड्यात आणखी तिघांकडून ऐकलेलं असतं. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

१९५८ मध्ये जाहिरातकार डेव्हिड ओगिल्व्ही यांनी रोल्स-रॉइसच्या जाहिरातीला दिलेला मथळा पाहा. त्याचा आशय असा : ताशी ६० मैल वेगात या नव्या गाडीत सगळ्यात मोठा आवाज येतो तो विजेवर चालणाऱ्या घड्याळाचा. "ही गाडी फार शांत आहे" हा झाला नुसता फायदा, आणि तो कुणीही म्हणेल. घड्याळाची टिकटिक ऐकली की शांतता आपोआप पटते. यात फीचर कुठे संपतं आणि फायदा कुठे सुरू होतो, ते सांगणं अवघड आहे. चांगल्या पिचमध्ये बहुतेक वेळा असंच होतं. फायद्याच्या वाक्याला फीचर खुंटीसारखं ठोकलेलं असतं.

फायदा बोलून झाला की त्याच दमात "कारण" म्हणायची सवय लावून घ्या. "खाड्याचे वाद मिटतील, कारण वीज गेल्यावरही मशीन चार तास नोंद घेतं." "कारण"नंतर सांगायला काही सुचलं नाही, तर तो फायदा खोडून टाका.

आपण ठरवलेला फायदा

ही चूक दिसत नाही, म्हणून जास्त नडते.

विक्रीचे अभ्यासक नील रॅकहॅम यांच्या संशोधनात ३५,००० हून अधिक विक्री-भेटींचा अभ्यास झाला आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८८ मध्ये आलं. विक्रेत्याच्या बोलण्याची त्यांनी तीन प्रकारांत वाटणी केली. पहिलं फीचर. दुसरं, ते फीचर कुणालाही कसं उपयोगी पडू शकेल ते सांगणं. आणि तिसरं, खरा फायदा : ग्राहकाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली गरज आपला माल कशी भागवतो ते दाखवणं. आपण "फायदे सांगा" म्हणून जे शिकतो आणि शिकवतो, ते बहुतेक सगळं यातलं दुसरं असतं.

छोट्या विक्रीत हे दुसरं चालून जातं. वस्तू स्वस्त असते, निर्णय एकाच माणसाचा असतो, दहा मिनिटांत काम होतं. मोठ्या विक्रीत मात्र चित्र बदलतं. रॅकहॅम यांना तिथे असं दिसलं, की फीचर्सचा मारा केला की ग्राहकाचं लक्ष किमतीकडे वळतं, आणि गृहीत धरलेले फायदे सांगितले की तो आक्षेप घेऊ लागतो. विचार केला तर यात नवल नाही. अकरा रिपोर्ट ऐकणारा माणूस मनात म्हणतो, यातले नऊ मला नकोत, त्यांचे पैसे मी का भरू? आणि "तुमचा वेळ वाचेल" ऐकणारा म्हणतो, माझा वेळ कुठे वाया जातो हे याला काय ठाऊक? मग तो तुम्हाला खोडून काढायला लागतो. मीही तेच केलं असतं.

त्यामुळे ग्राहकाला बोलतं करावं लागतं. "तुमची अडचण काय?" असं थेट विचारलं तर "काही नाही, सगळं व्यवस्थित आहे" हेच उत्तर येतं. परक्या माणसाजवळ घरचं रडगाणं कोण गाईल? कामाबद्दल विचारा. हजेरी सध्या कशी घेता? रजिस्टर कोण भरतं? ओव्हरटाइमचा हिशेब कशावरून करता? पगाराच्या दिवशी तक्रारी आल्या तर निस्तरायचं कुणी? या चौथ्या प्रश्नाला मॅनेजर सुस्कारा टाकतो. तुमची पिच त्या सुस्काऱ्यापासून सुरू होते, आणि तिथून पुढे तुमच्या अकरा रिपोर्टांपैकी एकच रिपोर्ट दाखवायचा.

जाणकाराला फायदे शिकवणं

लोकांना पाव इंची ड्रिल नको असतं, पाव इंची भोक हवं असतं, हे वाक्य विक्रीच्या प्रत्येक प्रशिक्षणात कानावर पडतं. ते मार्केटिंगचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट यांच्या नावावर खपतं, पण त्यांनी स्वतः त्याचं श्रेय लिओ मॅकगिनीव्हा यांना दिलं होतं. वाक्य छान आहे. वर्षातून दोनदा भिंतीवर फोटो लावणाऱ्यासाठी तर ते शंभर टक्के खरं.

रोज शंभर भोकं पाडणाऱ्या सुताराला मात्र ते ऐकवू नका. भोक कशाला हवं हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तो विचारेल : चक १३ मिमीचा आहे का? मोटर ब्रशलेस आहे का? वजन किती? बॅटरी जुन्या चार्जरवर चालेल का? ही सगळी फीचर्स आहेत आणि त्यांचा फायदा तो ऐकता ऐकता मनात काढतो. त्याला "हलकं असल्यामुळे तुमचा हात दुखणार नाही" सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला पाणी ओलं असतं हे सांगणं. इथे आकडा आधी, नेमका आणि खरा. माहीत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणा. जाणकारासमोर मारलेली थाप तिथल्या तिथे उघडी पडते.

समोरचा जाणकार आहे हे ओळखणं सोपं असतं. त्याचा पहिला प्रश्नच त्या धंद्याच्या भाषेत येतो. फीचरचं नाव तो तुमच्या आधी घेतो.

आणि एकाच टेबलाभोवती तिघं बसले असतील तर? सिस्टिम सांभाळणाऱ्याला डेटा कुठे साठतो ते हवं असतं, हिशेबनीसाला पगारपत्रकाशी जोडणी हवी असते, मालकाला वाद मिटलेले हवे असतात. तिघांना एकच वाक्य पुरत नाही. प्रत्येकाचं एक वाक्य आधी लिहून न्या.

फायदा फुगवणं

फीचरचा फायदा करताना भाषांतर चुकलं की माल परत येतो.

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच (बॅटरीची क्षमता मोजायचं एकक) लिहिलेलं असतं, फोनची बॅटरी ५,००० ची. विक्रेता भागाकार करतो आणि सांगतो, दोनदा फुल चार्ज! पण तो आकडा आतल्या सेलचा असतो, साधारण ३.७ व्होल्टवरचा. म्हणजे ऊर्जा ३७ वॉट-अवर. व्होल्टेज बदलताना आणि चार्ज होताना त्यातला काही भाग उष्णतेत जातो. फोनच्या बॅटरीला सुमारे १९ वॉट-अवर लागतात. प्रत्यक्षात हाती येतं ते दीड चार्जच्या आसपास. "दीड वेळा" सांगून विकलेली पॉवर बँक परत येत नाही.

धूळ-पाण्यापासून वस्तू किती सुरक्षित आहे ते सांगणाऱ्या आयपी६७ या खुणेचंही तसंच. यातला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटांपर्यंत बुडालं तरी चालेल. "पावसात भिजलं तरी काळजी नको" हा प्रामाणिक फायदा झाला. "बिनधास्त समुद्रात घेऊन जा" म्हणणं अंगाशी येतं, कारण ती चाचणी गोड्या पाण्याची असते आणि खारं पाणी वेगळं वागतं.

पिच फसली, आता?

ग्राहक शेवटी काय बोलला ते शब्दशः लिहून ठेवा. रोग तिथेच सापडतो.

"किंमत काय?" असं पाचव्या मिनिटाला विचारलं गेलं, तर बहुतेक तुम्ही फीचर्सची यादी वाचत होतात. पुढच्या भेटीत यादी मिटा आणि कामाबद्दलचे प्रश्न विचारा. आधीच किंमत कमी करायला जाऊ नका, तो रोग नव्हेच.

"आमच्याकडे असं काही होत नाही" हे उत्तर आलं, तर फायदा तुम्ही ठरवला होतात. वाद घालू नका. "मग सध्या कसं करता?" असं विचारून ऐका.

"छान आहे, कळवतो." हे सगळ्यात वाईट. फायदा पटला, पण त्याला धरून ठेवायला काही हाती नव्हतं. अशा वेळी फॉलो-अपचे फोन करण्यापेक्षा एक पुरावा पाठवा : त्याच्यासारख्याच जागी मशीन लागल्यावर पहिल्या महिन्यात किती तक्रारी आल्या, किंवा आठवडाभरासाठी चाचणीचं मशीन.

"माहिती मेल करा" म्हणाला, तर समोरचा निर्णय घेणारा माणूस नव्हता किंवा त्याला उठायचं होतं. दोन्हींत फीचर-फायद्याचा संबंध नाही. निर्णय कोण घेतं ते विचारून घ्या.

लेखी पिचमध्ये मात्र प्रश्न विचारायची सोय नसते. तिथे गरजेचा अंदाजच बांधावा लागतो, आणि तो जितका अरुंद तितका बरा. माझी जुनी ओळ होती : "अत्याधुनिक बायोमेट्रिक हजेरी प्रणाली, क्लाउड, वाय-फाय, ११ रिपोर्ट." नंतरची : "हाताला ग्रीस किंवा सिमेंट लागल्याने बोट उमटत नाही? चेहऱ्यावरून हजेरी. वीज गेल्यावरही ४ तास चालू." ही ओळ वाचून स्वच्छ हातांची ऑफिसं फोन करणार नाहीत. न करोत.