टर्मिनलमध्ये कीबोर्ड शॉर्टकट चालत नाहीत? या चुका टाळा

कंट्रोल-एस दाबलं आणि टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) गोठलं. अक्षर उमटत नाही, कर्सर हलत नाही. सर्व्हर बंद पडला असं समजून बरेच जण इथे खिडकीच बंद करतात आणि न साठवलेलं काम घालवून बसतात. खरं तर बिघडलेलं काहीच नसतं. कंट्रोल-क्यू दाबा, सगळं पुन्हा सुरू होईल.

ही जोडी टेलिटाइपच्या, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या टाइप-यंत्रांच्या जमान्यातली आहे. १९६३ साली आलेल्या मॉडेल ३३ सारख्या यंत्रांवर कागदी पट्टी वाचणं थांबवायला आणि पुन्हा सुरू करायला असे दोन संकेत होते. ते पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आले, तिथून लिनक्स आणि मॅकमध्ये. वर्ड-एक्सेलमध्ये दर थोड्या वेळाने कंट्रोल-एस दाबायची सवय झालेल्या हातांना ते आजही दगा देतात. टर्मिनल गोठलेलं असताना चिडून बटणं बडवू नका. ती पडद्यावर दिसत नसली तरी रांगेत जमा होतात आणि कंट्रोल-क्यू दाबताच एकामागून एक लागू होतात. कंट्रोल-सी तर वाटही पाहत नाही, चालू असलेला प्रोग्राम तिथल्या तिथे थांबवतं.

कायमचा उपाय एका ओळीचा आहे: ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’. ही ओळ डॉट-बॅशआरसी फाइलमध्ये टाका. ही बॅशची, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामची (शेलची) सेटिंग फाइल. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना रोमन लहान अक्षरं वापरायची.) याचा एक वरचा फायदा म्हणजे बॅशमध्ये कंट्रोल-आर मागच्या आज्ञा शोधत जुन्याकडे जातं, तसं कंट्रोल-एस उलट नव्याकडे येतं. ही सोय मुळातच आहे, पण हे गोठवणं मध्ये येत असल्यामुळे ती फार जणांनी पाहिलेलीच नसते. टर्मिनलमधल्या एडिटरांपैकी नॅनो हे गोठवणं स्वतःच बंद ठेवतो. जुन्या व्हिममध्ये मात्र अडकायला होतं.

सेटिंग बदलण्याआधी पाहा, बटण खातंय कोण

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही: शॉर्टकट चालला नाही की लोक थेट एडिटरची सेटिंग उकरायला बसतात. पण दाबलेलं बटण सरळ एडिटरकडे जात नाही. कचेरीतल्या फायलीसारखं ते टेबलाटेबलावरून पुढे सरकतं. आधी डेस्कटॉप, मग ब्राउझर किंवा टर्मिनलची खिडकी, मग टीमक्स किंवा स्क्रीन (एका खिडकीत अनेक टर्मिनल चालवणारे प्रोग्राम) चालू असेल तर ते, मग टीटीवाय (कर्नलचा, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याचा, टर्मिनल सांभाळणारा भाग), आणि सगळ्यात शेवटी शेल किंवा एडिटर. वाटेत ज्याला ते बटण आपलं वाटतं, तो ते ठेवून घेतो.

तपासायची युक्ती सोपी आहे. बॅशमध्ये कंट्रोल-व्ही दाबा आणि लगेच संशयित बटण दाबा. वर जायचा बाण दाबलात तर ^[[ए यासारखा संकेत दिसेल. म्हणजे बटण इथवर पोचलं. मग दोष प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये शोधा. काहीच उमटलं नाही, किंवा भलताच मेनू उघडला, तर ते वरच्याच टेबलावर अडकलंय आणि एडिटरच्या फाइलमध्ये कितीही ओळी लिहून उपयोग नाही.

या एका चाचणीने बरीच कोडी सुटतात. ब्राउझरमधल्या टर्मिनलवर नॅनोमध्ये शोधायला कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की टॅबच बंद होतो. तो ब्राउझरचा शॉर्टकट, पानाला तो सहसा अडवता येत नाही. नॅनोत शोधण्यासाठी एफ६ वापरा, आणि बॅशमध्ये मागचा शब्द खोडायला एस्केप दाबून सोडा, मग बॅकस्पेस. व्हीएस कोड या एडिटरच्या आतल्या टर्मिनलमध्येही काही शॉर्टकट एडिटर स्वतःकडे ठेवतो. तिथे सेटिंगमध्ये ‘सेंड कीबाइंडिंग्ज टू शेल’ शोधून चालू करा. स्क्रीनमध्ये ओळीच्या सुरुवातीला जायचं कंट्रोल-ए चालत नाही, कारण तो स्क्रीनचा स्वतःचा संकेत आहे. तिथे कंट्रोल-ए आणि मग नुसतं ए दाबायचं. टीमक्स कंट्रोल-बी खातो. ते आत पाठवायचं असेल तर दोनदा दाबा.

ऑल्टचं दुखणं वेगळं. ग्नोम टर्मिनलमध्ये ऑल्ट-एफ दाबलं की शब्दभर पुढे जाण्याऐवजी फाइल मेनू उघडू शकतो. तो पर्याय टर्मिनलच्या प्रेफरन्सेसमध्ये बंद करता येतो. मॅकच्या टर्मिनलमध्ये ऑप्शन धरून एफ दाबलं तर ƒ असं चिन्ह उमटतं. प्रोफाइलच्या कीबोर्ड भागात ‘यूज ऑप्शन ॲज मेटा की’वर खूण करा. परक्या मशीनवर सेटिंग बदलता येत नसेल तर ऑल्टऐवजी एस्केप दाबून सोडा आणि मग अक्षर दाबा. हे जवळपास सगळीकडे चालतं.

मराठी लेआउट चालू राहिला

हा घोळ आपल्याकडचा, आणि इंग्रजी मदत-पानांवर तो क्वचितच सापडतो. मेल मराठीत लिहिली, इनस्क्रिप्ट हा मराठी लेआउट तसाच चालू राहिला आणि व्हिम उघडलं. आता एच, जे, के, एल या बटणांतून प, र, क, त जातं. नॉर्मल मोडमध्ये (अक्षरं जिथे मजकूर नव्हे, आज्ञा ठरतात) व्हिमला त्यातलं काहीच कळत नाही, आणि बाहेर पडायला कोलन टाइप करावा तर त्याच बटणावर छ बसलेला. एस्केप पन्नास वेळा दाबूनही सुटका होत नाही, कारण मोड बरोबरच असतो, लेआउट चुकीचा असतो. (बाणांऐवजी ही चार अक्षरं का? बिल जॉय यांनी व्हीआय हा व्हिमचा पूर्वज लिहिला तेव्हा त्यांच्यासमोर एडीएम-३ए टर्मिनल होतं, आणि त्यावर बाण याच चार बटणांवर छापलेले होते.) मराठी लेआउटमध्ये कंट्रोल-अक्षर दाबल्यावर काही टर्मिनल खालची रोमन कळ ओळखतात, काही ओळखत नाहीत, त्यामुळे त्यावर विसंबू नका. व्हिम उघडण्याआधी लेआउट पाहायची सवय लावा.

ईमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्यांसाठी बरी सोय आहे. त्याच्या आतच देवनागरी इनस्क्रिप्ट इनपुट मेथड मिळते आणि ती कंट्रोल-बॅकस्लॅशने चालू-बंद होते, म्हणजे सिस्टमचा लेआउट इंग्रजीच ठेवता येतो. फक्त तेच बटण ईमॅक्सच्या बाहेर, साध्या प्रोग्राममध्ये दाबू नका. तिथे त्याचा अर्थ ‘गुंडाळ’ असा होतो. मॅकवर दोन लेआउट ठेवले की कंट्रोल-स्पेस भाषा बदलायला लागतं आणि ईमॅक्समध्ये मार्क (मजकूर निवडायच्या सुरुवातीची खूण) लावता येत नाही. त्याऐवजी कंट्रोल-@ वापरा, किंवा सिस्टम सेटिंगमध्ये भाषेचा शॉर्टकट बदला.

कंट्रोल-झेड म्हणजे ‘मागे घे’ नाही

इथे कंट्रोल-झेडने प्रोग्राम निलंबित होतो. फाइल गायब झाली असं वाटून लोक तीच फाइल व्हिममध्ये पुन्हा उघडतात आणि स्वॅप फाइल (उघड्या फाइलसाठी व्हिम ठेवतो ती तात्पुरती फाइल) सापडल्याचा ‘ई३२५’ इशारा समोर येतो. त्यातले पर्याय घाईत निवडू नका. क्यू दाबून बाहेर या, ‘जॉब्स’ लिहून काय थांबलंय ते पाहा आणि ‘एफजी’ लिहा. जुनी फाइल होती तशी समोर येईल. व्हिममध्ये बदल मागे घ्यायला नॉर्मल मोडमध्ये यू, नॅनोत ऑल्ट-यू.

मुळात कोणता एडिटर उघडलाय हेच न कळणं हीसुद्धा नेहमीची अडचण. ‘गिट कमिट’ किंवा ‘क्रॉनटॅब -ई’ लिहिल्यावर अचानक व्हिम समोर येतं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर २०१२ साली विचारलेला ‘व्हिममधून बाहेर कसं पडायचं’ हा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाख वेळा पाहिला गेला होता. उत्तर: एस्केप, मग कोलन-क्यू-उद्गारचिन्ह, मग एंटर. बदल ठेवायचे नसतील तरच. पुढच्या वेळेसाठी एडिटर नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (शेलमधून प्रोग्रामना मिळणारी सेटिंग, नाव कॅपिटल अक्षरांत) ठरवून टाका.

पण त्यातही सापळा आहे. झेडशेल हा बॅशसारखाच दुसरा शेल सुरू होताना ते व्हेरिएबल पाहतो, आणि त्यात ‘व्हीआय’ ही दोन अक्षरं दिसली (व्हिममध्ये ती आहेतच) की आज्ञेची ओळही व्हीआयच्या पद्धतीने चालवायला लागतो. मग कंट्रोल-ए, कंट्रोल-ई बंद पडतात, आणि तुम्ही तर फक्त गिटसाठी एडिटर बदललेला असतो. डॉट-झेडएसएचआरसी या त्याच्या सेटिंग फाइलमध्ये ‘बाइंडकी -ई’ लिहिलं की जुनी पद्धत परत येते.

चुकीच्या फाइलमध्ये सेटिंग लिहिणंही यातलंच. डॉट-इनपुटआरसी फक्त रीडलाइन (आज्ञेची ओळ संपादित करू देणारी लायब्ररी) वापरणारे प्रोग्राम वाचतात. बॅश वाचतो, झेडशेल वाचत नाही. मॅकवरची बरीच साधनं रीडलाइनऐवजी लिबएडिटवर बांधलेली असतात, ती डॉट-एडिटआरसी वाचतात. काही प्रोग्राममध्ये तर ओळ संपादित करायची सोयच नसते. लिनक्सवर ओरॅकल डेटाबेसच्या एसक्यूएल-प्लस या प्रोग्राममध्ये वरचा बाण दाबला की ^[[ए उमटतं ते यामुळे. ही सोय बाहेरून जोडणारा ‘आरएलरॅप’ बसवा आणि ‘आरएलरॅप एसक्यूएलप्लस’ अशी सुरुवात करा. बाण, इतिहास, कंट्रोल-आर सगळं मिळतं.

आणि काही जोड्या जमणारच नाहीत. पारंपरिक टर्मिनलमध्ये कंट्रोल-आय आणि टॅब, कंट्रोल-एम आणि एंटर, कंट्रोल-[ आणि एस्केप यांचे संकेत अगदी एकच असतात. कंट्रोल-अक्षराला शिफ्ट जोडूनही संकेत वेगळा होत नाही. कंट्रोल-आयला नवं काम दिलंत तर टॅबही तेच काम करायला लागेल. दुसरं बटण निवडा.

बायनरी (मजकूर नसलेली) फाइल चुकून ‘कॅट’ या आज्ञेने पडद्यावर काढल्यावर टाइप केलेलं दिसेनासं झालं, एंटरही लागेना, तर कंट्रोल-जे, मग ‘रीसेट’ हा शब्द, मग पुन्हा कंट्रोल-जे. अक्षरं दिसत नसली तरी टाइप करत राहा.