एकाच डोळ्याचा नंबर प्लसकडे सरकला, तर आधी पडदा

मी रोज नंबर काढते. एका डोळ्याला नव्यानेच +1 आला आणि दुसरा जसाच्या तसा, असं दिसलं की मी चष्म्याचा कागद लगेच लिहीत नाही. मॅक्युलाखाली, म्हणजे पडद्याच्या (रेटिनाच्या) मधल्या, बारीक बघणाऱ्या भागाखाली, पाणी साचलं की पडदा पुढे उचलला जातो, डोळ्याची लांबी तेवढी घटते आणि नंबर प्लसकडे जातो. 1 मिलिमीटर लांबीमागे ढोबळमानाने 2.5 ते 3 डायॉप्टर (चष्म्याच्या नंबरचं एकक), म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर उचल +1 साठी पुरते. प्लसची काच लावल्यावर अशा पेशंटचं बोलणं ठरलेलं असतं: "आता जरा बरं दिसतंय, पण ओळ वाकडीच आहे." ही तक्रार कुठल्याच काचेने जात नाही. तिथे थांबा आणि बाहुली मोठी करून पडदा तपासायला पाठवा.

पिनहोल (बारीक भोकाची चकती) लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याने सुधारलं तर नंबर बाकी आहे; तसंच राहिलं किंवा आणखी धूसर झालं, तर मॅक्युलाचा संशय धरा.

मॅक्युला खराब झालेला असेल तर फोरोप्टर (डोळ्यांसमोर काचा फिरवणारं यंत्र) बाजूला ठेवा, ट्रायल फ्रेम (सुट्या काचा बसवायची चष्म्याची चौकट) घ्या. पेशंटला मधलं अक्षर सापडत नसतं, तो मान तिरकी करून कडेने वाचतो. वाचू द्या. "सरळ बघा" म्हणून दटावलंत की हातची ओळही जाते. 6/60 च्या, म्हणजे तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरच दिसणाऱ्या, नजरेला पाव डायॉप्टरचा फरक कळत नाही. +1 आणि –1 आलटून पालटून दाखवा.

पडद्याच्या ऑपरेशननंतरचं गणित वेगळं. पडद्याला बाहेरून बँड घातला असेल तर डोळा लांबतो, मायनस वाढतो, बहुधा 2-3 ने. पडदा जागेवर धरायला डोळ्यात सिलिकॉन ऑइल भरलेलं आणि स्वतःचं भिंग शाबूत असेल तर +5 ते +7 पर्यंत उडी. ऑइल काढलं की हा नंबर ओसरतो, त्यामुळे महागड्या काचा तोवर नकोतच. ऑइलऐवजी गॅस भरला असेल, तर तो डोळ्यात असेपर्यंत नंबर काढूच नका.

मधुमेहात नंबर बहुतेक वेळा भिंगामुळे हलतो, पडद्यामुळे नाही. साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मग काढा.

घरी जाताना ॲम्सलरचा चौकटीचा कागद द्या; त्यावरच्या रेघा वाकड्या दिसतात का, ते पेशंटने बघायचं. वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून बघायचा. दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा वाकडी रेघ झाकून टाकतो.