अ‍ॅरिझोनातील वसंतवारा : फीनिक्स परिसरात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

फीनिक्स, चँडलर, गिल्बर्ट, टेंपी या भागात नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी येणाऱ्या प्रत्येकाला येथील उन्हाळ्याविषयी सर्वजण सावध करतात. जुलै-ऑगस्टमधील मान्सूनच्या दिवसांत शहरावर चालून येणाऱ्या धुळीच्या भिंतींची छायाचित्रेही बहुतेकांनी आधीच पाहिलेली असतात. मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत अधूनमधून या वाळवंटावरून जाणाऱ्या थंड, सोसाट्याच्या वाऱ्याच्या वादळांविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. मी येथे आले त्याला १९ वर्षे झाली. तेव्हा मलाही कोणी सांगितले नव्हते, आणि नेमक्या याच दिवसांत भारतातून आई-वडील येतात, सहली ठरतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वळीव उभा राहतो : दुपारभर उकाडा, काळवंडून आलेले आभाळ, विजांचा कडकडाट आणि मग मातीचा वास. येथील वसंतातले वादळ यांपैकी काहीच दाखवीत नाही. सकाळी आकाश निरभ्र असते, अकराच्या सुमारास झाडांची पाने सळसळू लागतात, दुपारी दोन-तीनपर्यंत ताशी ४० मैलांचे, म्हणजे सुमारे ६५ किलोमीटरचे झोत सुटतात आणि क्षितिज मळकट तपकिरी होते. बहुतेक वेळा पाऊस पडतच नाही. पॅसिफिकवरून येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालीतील बराचसा ओलावा सिएरा नेवाडा आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवरच उतरलेला असतो, त्यामुळे आमच्यापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः वारा आणि त्यामागून येणारी थंड हवा. फीनिक्समध्ये वर्षभरात सरासरी १८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यात एकट्या जुलैमध्ये पडतो साधारण तेवढाच.

ही वादळे आपल्याला अगदी अनोळखी मात्र नाहीत. हिवाळ्यात उत्तर भारतावरून सरकणारे पश्चिमी प्रक्षोभ हे याच जातीचे, उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांच्या प्रवाहात तयार होणारे. जानेवारी २०२२ मध्ये अशाच एका प्रक्षोभामागून पाकिस्तानकडची धूळ थेट मुंबई-पुण्यापर्यंत आली होती, गाड्यांवर पांढरट थर बसला होता आणि दिवसाचे तापमान एकदम उतरले होते. ज्यांना तो दिवस आठवत असेल, त्यांना येथील एप्रिलमधील दुपारची कल्पना करणे सोपे जाईल.

या वाऱ्याचे वेळापत्रक समजले की अर्धी काळजी कमी होते. वसंतात जमीन दिवसा चांगली तापते, तापलेली हवा खूप उंचीपर्यंत चढते आणि वरच्या थरांतील वेगवान हवा त्या घुसळणीत खाली ओढली जाते. म्हणून वारा दुपारी जोर धरतो, आणि एरवी सूर्य कलला की मंदावतो. थंड हवेची आघाडी, म्हणजे मागून येणाऱ्या थंड हवेची पुढची कड, प्रत्यक्ष ओलांडून जाते त्या रात्री मात्र तो थांबत नाही, नैर्ऋत्येकडून वाहणारा वारा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून वाहू लागतो आणि पहाटेपर्यंत राहू शकतो. म्हणजेच वादळाच्या दिवशी बाहेरची सर्व कामे, मग ते चालायला जाणे असो की लांबचा प्रवास, सकाळी दहाच्या आत उरकावीत. मुलांचा वाढदिवस उद्यानात दुपारी चार वाजता ठेवला असेल, तर तो घरात घ्यावा.

फोनवरील हवामानाचे चित्र येथे पुरेसे नसते, कारण त्यात केवळ सूर्य दिसतो. राष्ट्रीय हवामान सेवेची फीनिक्स, टुसॉन आणि फ्लॅगस्टाफ अशी तीन कार्यालये या राज्यात आहेत, आणि आपण ज्या भागात जाणार त्या भागाच्या कार्यालयाचा अंदाज पाहावा. ‘विंड अ‍ॅडव्हायजरी’ साधारणतः झोत ताशी ४० मैलांच्या पुढे जाणार असतील तेव्हा दिली जाते, आणि ‘हाय विंड वॉर्निंग’ ५८ मैलांपासून पुढे. अंदाजाच्या खाली हवामानतज्ज्ञांनी लिहिलेले विवेचनही मिळते. त्यातील भाषा सुरुवातीला जड वाटते, पण आठवडाभर वाचल्यावर आघाडी केव्हा येणार आणि तिच्यामागे पारा किती उतरणार हे नेमके कळू लागते. मी आजही लांबच्या प्रवासाआधी ते वाचल्याशिवाय निघत नाही.

याचे कारण ग्रँड कॅन्यनच्या आमच्या पहिल्या सहलीत आहे. एप्रिलमध्ये आई-बाबा आले होते. चँडलरहून निघताना सकाळीच उबदार होते, आईच्या अंगावर सुती साडी आणि पातळ शाल, बाबा अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात. फीनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटरवर आहे, तर फ्लॅगस्टाफ आणि कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे २,१०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरहूनही ७०० मीटर उंच, ही गोष्ट मी नकाशावर पाहिलीच नव्हती. दुपारी आम्ही काठावर पोहोचलो तेव्हा आघाडी नुकतीच येऊन ठेपली होती. वाऱ्याने आईला उभे राहवेना, आणि पाहता पाहता बर्फाचे बारीक कण तोंडावर बोचू लागले. बाबांचा थरकाप थांबेना, म्हणून पाचव्या मिनिटाला आम्ही गाडीत परतलो, आणि त्या दोघांनी कॅन्यन पाहिला तो गाडीच्या काचेतून. एप्रिलमध्ये तेथील रात्रीचे तापमान सरासरीनेच शून्याच्या आसपास असते. तेव्हा खाली ३० अंश असले तरी जाड जाकीट, कानटोपी आणि बंद बूट गाडीत ठेवावेत, आणि अंदाजात आघाडी दिसत असेल तर सहल सरळ दोन दिवस पुढे न्यावी. वादळानंतरचा दुसरा दिवस बहुधा स्वच्छ आणि शांत असतो, आणि त्या हवेत कॅन्यनचा पलीकडचा काठ जितका स्पष्ट दिसतो तितका एरवी क्वचितच.

टुसॉनच्या दिशेने जाणाऱ्या आय-१० या महामार्गाची काळजी वेगळी आहे. कासा ग्रँडे, एलॉय आणि पिकाचो शिखर यांच्या दरम्यान दोन्ही बाजूंना सपाट शेती आहे. कोलोरॅडो नदीच्या पाण्यात २०२२ पासून कपात झाल्यावर पिनल काउंटीतील बरीच जमीन पडीक राहिली, आणि मोकळी माती वाऱ्याबरोबर रस्त्यावर येते. एलॉय ते पिकाचो शिखर या सुमारे १० मैलांच्या पट्ट्यात धूळ ओळखणारी यंत्रणा बसवलेली आहे, आणि तेथील फलकांवरील वेगमर्यादा ७५ मैलांवरून ३५ पर्यंत खाली येऊ शकते. ती सूचना नसून कायदेशीर मर्यादा आहे. तरीही समोरचे दिसेनासे झाले, तर गाडी रस्त्याच्या कडेला, डांबरी भागापासून जमेल तितकी दूर न्यावी, पूर्ण थांबल्यावर सर्व दिवे बंद करावेत, हँडब्रेक लावावा, ब्रेकवरचा पाय काढावा आणि सीटबेल्ट तसाच ठेवून आत बसून राहावे. दिवे बंद करणे आपल्या सवयीच्या उलट आहे. घाटात धुके आले की आपण पार्किंगचे दिवे लावतो. येथे मात्र मागून येणारा चालक तुमचा लाल दिवा पाहून रस्ता तिकडेच आहे असे समजतो आणि उभ्या गाडीवर येऊन आदळतो. ब्रेकचा दिवा लागू नये म्हणूनच पायही काढायचा. हा क्रम घरातील प्रत्येक वाहनचालकाने पाठ करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

घराकडे येऊ. गुढीपाडवा नेमका याच दिवसांत येतो. येथील घरांच्या दारात किंवा बॅकयार्डमध्ये उभारलेली गुढी नुसत्या सुतळीवर टिकत नाही, ती खांबाला दोन ठिकाणी बांधावी आणि कलश तारेने घट्ट करावा. पॅटिओवरील मोठी छत्री मिटून आडवी ठेवावी, कारण उघडी छत्री शेजाऱ्याच्या काचेपर्यंत उडत गेल्याचे मी पाहिले आहे. एप्रिलचे कोरडे ऊन पाहून कुरडया, सांडगे, पापड घालण्याचा मोह प्रत्येक सासूबाईंना आणि आईला होतो, आणि ऊन खरोखरच उत्तम असते. वाळवण घालण्यापूर्वी पुढील तीन दिवसांचा वारा पाहावा, नाहीतर कुरडयांत शिरलेली बारीक वाळू कशानेही निघत नाही. कुंडीतील कढीपत्ता आणि मोगरा भिंतीच्या आडोशाला सरकवावेत. वादळ गेल्यावर पानांवरची धूळ पाण्याने धुवावी आणि एसीचा फिल्टर पाहावा.

‘रेड फ्लॅग वॉर्निंग’, म्हणजे आग झपाट्याने पसरू शकेल अशा हवेचा इशारा, असेल त्या दिवशी बॅकयार्डमध्ये शेगडी पेटवू नये, होमहवनही आतच करावे. एप्रिल २०२२ मध्ये फ्लॅगस्टाफच्या उत्तरेस लागलेली ‘टनेल फायर’ सुरुवातीला लहान होती, पण १९ एप्रिलच्या वाऱ्यात ती काही तासांत भडकली, १९,००० एकरांहून अधिक भाग जळाला आणि सुमारे ३० घरे गेली.

शेवटचा मुद्दा आरोग्याचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पालो वेर्दे या झाडाच्या पिवळ्या फुलांचा बहर आणि वारा एकत्र आले की शिंका, डोळ्यांची खाज हे बहुतेकांना होते. त्याला नेहमीची औषधे पुरतात. व्हॅली फीव्हर मात्र वेगळा. येथील मातीतील कॉक्सिडिऑइडिस नावाच्या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू धुळीबरोबर श्वासात जातात आणि साधारण एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, छातीत दुखणे, कमालीचा थकवा, कधी अंगावर पुरळ अशी लक्षणे दिसू शकतात. अनेकांना काहीच होत नाही, आणि हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. वयस्कर माणसे, गर्भवती स्त्रिया, मधुमेही आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी वाऱ्याच्या दिवशी घरात राहावे, बाहेर जावेच लागले तर एन-९५ मास्क वापरावा. खोकला लांबला तर डॉक्टरांकडे व्हॅली फीव्हरच्या रक्तचाचणीचे आपणहून विचारावे, कारण तो पुष्कळदा साधा न्यूमोनिया समजला जातो. आई-वडील भारतात परतल्यावर त्यांना असा ताप-खोकला सुरू झाला, तर तेथील डॉक्टरांच्या मनात प्रथम क्षयरोग येणे स्वाभाविक आहे. छातीच्या एक्स-रेमध्येही दोन्ही सारखे दिसू शकतात. म्हणून त्यांना विमानतळावर सोडण्यापूर्वी, त्यांच्या औषधांच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवावी : अ‍ॅरिझोनात किती दिवस राहिले, कोणत्या तारखांना, आणि या बुरशीचे नाव.