शिकवणी घेणाऱ्या इंजिनिअरांनो, या चुका टाळा

दिवसा नोकरी आणि संध्याकाळी घरी आठवी-दहावीची चार पोरं, असं करणारे इंजिनिअर सोलापुरात बरेच आहेत. विषय हातचा मळ असतो, आणि गाडी नेमकी तिथंच फसते.

उत्तर चुकलं की आपण अख्खं गणित फळ्यावर सोडवून मोकळे होतो. पोरगं मान डोलावतं, वहीत उतरवून घेतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथंच अडकतं. बंद पडलेल्या मशीनचा फॉल्ट आपण मागे मागे जात शोधतो, तशीच वही तपासा. दहावीचं भिंगाचं उदाहरण घ्या. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू ३० सेंमीवर. मुलगी चिन्हांसकट १/२० वजा १/३० इथपर्यंत अचूक आली आणि पुढे लिहिलं, वजा १/१०. छेदातून छेद वजा! भिंगाचा धडा तिला येतो, घोडं अडलंय खालच्या इयत्तेतल्या अपूर्णांकांत. मग भिंग पुन्हा शिकवण्यात तास घालवू नका, छेद समान करायची गणितं द्या. कुणी १/६० पर्यंत बरोबर येऊन तेच उत्तर म्हणून लिहितं. त्याला एवढंच विचारा, प्रतिमा भिंगाला चिकटलीय का? ६० सेंमी तो स्वतःच म्हणेल.

दुसरी चूक म्हणजे आलेल्या उत्तराकडे कुणी बघतच नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, मागांच्या खडखडाटात वाढलेल्या पोरांना हे यंत्रमागावरून पटकन कळतं. मोटर मिनिटाला ९६० फेरे घेते, तिची पुली ३ इंची, मागाची २४ इंची. माग किती फेरे घेईल? व्यस्त चलन शिकून झालेला गडी बेधडक सांगतो, "सर, ७६८० आलं की."

चूक दाखवू नका, मागात आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यावरून विचारा. "एका फेऱ्याला धोटा एकदा जातो. मिनिटाला ७६८० वेळा धोटा फेकणारा माग बघितलायस का कुठं?"

तो हसतो, खोडतो, १२० लिहितो. तासाला ७२ किमीचे सेकंदाला २० मीटर करतानाही हाच घोळ होतो. उलटं गुणलं की २५९ येतात आणि कुणाला काही वाटत नाही.

पायऱ्या गाळायची आपली सवय त्यांना लावू नका. सूत्र, किमती, एकक, सगळं कागदावर हवं. बोर्डाचा पेपर तोंडी नसतो.

बेसिक इंजिनिअरिंगच्या उत्साहात घरचा स्विचबोर्ड तर अजिबात उघडू नका. दोन पेन्सिल सेल, एक लाल एलईडी, १०० ओहमचा रेझिस्टर पुरे. एका सेलवर एलईडी पेटत नाही, कारण सेल १.५ व्होल्टचा आणि एलईडीला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात. दोन सेलवरही पेटला नाही तर आधी पाय बघायचे: लांब पाय धन टोकाकडे. हे सांगून टाकू नका, त्यांना झटू द्या. रेझिस्टर वगळून थेट जोडणारा एखादा निघतोच, म्हणून दोन-चार एलईडी जास्तीचे आणून ठेवा.