‘उबू’ बाहुल्यांवर बसवायचाय? आधी हात मोजा

फ्रेंच लेखक आल्फ्रेद जारीचं ‘उबू र्वा’ (म्हणजे उबू राजा, पोलंडच्या राजाला मारून गादीवर बसणाऱ्या उबूची गोष्ट) पुण्यात कोणाला बाहुल्यांवर करायचं असेल तर आपण मोठ्या नाटकाचं बारकं रूप करतोय हे आधी डोक्यातून काढा. फ्रान्सच्या रेन शहरातल्या शाळकरी पोरांनी आपल्या फिजिक्सच्या मास्तरांवर रचलेला हा फार्स, १८८८ च्या सुमारास त्याचे बाहुल्यांचे खेळ झाले, मग डिसेंबर १८९६ मध्ये पॅरिसला नटांनी केला तेव्हा थिएटरात गदारोळ झाला, आणि १९०१ ला जारीनेच पाच अंकांचे दोन अंक करून, गाणी घालून, पॅरिसच्याच मोंमार्त्र भागातल्या एका कॅबरेत (खातापिता गाणी-नकला बघायची जागा) परत हातबाहुल्यांवर आणला. म्हणजे कापाकापी लेखकानेच करून दाखवलीये, बिनधास्त कापा. जारी १९०७ ला गेला त्यामुळे मूळ फ्रेंचचा कॉपीराइट संपलाय, पण अलीकडच्या इंग्रजी भाषांतरावरून करत असाल तर त्या भाषांतरकाराचे हक्क असू शकतात, त्यापेक्षा फ्रेंच येणारं कोणीतरी सोबत घ्या, पुण्यात अशी माणसं भरपूर आहेत.

कापताना हात मोजा. खेळवणारे दोघं असतील तर एका वेळी वर चारच बाहुल्या, आणि कोणाला तलवार किंवा थाळी उचलायची असेल तर तीनच. उबू आणि त्याची बायको उबूबाई दोन वेगळ्या माणसांकडे द्या, कारण त्यांची भांडणं एकमेकांच्या बोलण्यावर चढत जातात आणि एका गळ्यातून ते निघत नाही. उबू उजव्या हातातून शेवटपर्यंत काढायचा नाही, बाकी सगळे डाव्या हातावर बदलत राहतील, आणि प्रत्येक बदलाला दोन-तीन वाक्यं लिहून ठेवावी लागतात. रशियाशी लढाई? एक शिपाई पुरे. जारीने नटांच्या प्रयोगासाठीसुद्धा अख्ख्या फौजेच्या जागी एकच शिपाई आणि जागा सांगायला पाट्या सुचवल्या होत्या, आणि पाट्या म्हटल्यावर पुण्यात वेगळं काय सांगायचं! ‘हे पोलंड आहे. चौकशी करू नये.’ पुढे बोलायची गरजच नाही.

एक सीन मात्र अजिबात कापू नका, खड्ड्याचा. राजाला मारून गादीवर बसलेला उबू सरदारांना एकेक करून बोलावतो, नाव विचारतो, उत्पन्न विचारतो, आणि आकड्याने ओढून खाली ढकलतो, ज्याचं उत्पन्न मोठं तोही जातो आणि मी कंगाल झालोय म्हणणारा तर त्या अभद्र बोलण्यासाठीच जातो. सरदारांना हात लागतच नाहीत, म्हणून बोहरी आळीतून लाकडी डाव आणा, त्यांच्यावर तोंडं रंगवा, मानेला कापडाची झालर आणि मागे एक खिळा ज्यात आकडा अडकेल. पुढच्या फळीत बिजागरी लावून झडप करा आणि खाली रिकामा पत्र्याचा डबा ठेवा. पहिला पडला की ठण्ण, दुसरा पडला की ठण्ण, लोक हसायला लागतात, मग सहावा-सातवा पडताना डब्यात आधीच गर्दी असल्यामुळे आवाज बोदा येतो आणि तेव्हा हसू आपोआप कमी होतं. ते कमी होऊ द्या, तिथे संगीत घालून भरू नका. सगळा उपहास त्या डब्यात आहे.

कर वसुलीचा सीनही ठेवा. उबू स्वतः शेतकऱ्याच्या दारात जातो, तो म्हणतो आम्ही भरलाय, तर हा म्हणतो पेपरात छापून आणलंय, सगळे कर दोनदा भरायचे आणि काही नंतर ठरवू ते तीनदा. याला इथल्या कुठल्या नेत्याचा चेहरा देऊ नका, मोह होतो पण देऊ नका. चेहरा दिला की लोक त्या एका माणसावर हसून घरी जातात, आणि चेहरा नसला की प्रत्येकाला आपापला उबू दिसतो. पोट मोठं, त्यावर जारीने काढलं होतं तसं गोल गोल वळण, बास.

जारीसारखं कॅबरेच्या अंगाने करायचं म्हणजे पडद्याबाहेर प्रेक्षकांशी बोलणारा कोणीतरी हवाच. आपल्या तमाशातल्या बतावणीची लय ज्याच्या कानात आहे असा सोंगाड्या शोधा, शेजारी पेटी आणि ढोलकी, तीन गाणी पुष्कळ. बाहुली बदलायला वेळ लागला तर तोच सांभाळून घेतो. कॉलर माईक घ्या, कारण हात वर अडकलेले असतात. एक बाहुली बोलत असताना दुसरी एकदम स्तब्ध, नाहीतर कोण बोलतंय कळतच नाही.

लांबी चाळीस मिनिटांच्या वर नेऊ नका, दंड भरून येतात आणि शेवटाकडे येणाऱ्या अस्वलाशी मारामारीत उबू हळूहळू फळीखाली बुडायला लागतो. तालमी पहिल्यापासून हात वर धरूनच करा, खुर्चीत बसून वाचन करून वेळ मोजलीत तर ती चुकणारच. तिकीट लावून जाहीर प्रयोग करणार असाल तर संहिता पक्की झाली की लगेच रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकाची संहिता तपासणारं राज्य सरकारचं मंडळ) पाठवा, सोंगाड्याची ठरलेली वाक्यंही त्यात लिहा. पुण्याच्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत करत असाल तर आदल्या दिवशी कोणालातरी अगदी कडेच्या खुर्चीवर बसवा आणि तिथून खेळवणाऱ्यांची डोकी दिसतात का ते विचारा, दिसत असतील तर बाजूला काळं कापड वाढवा.